डूलाचे पैसे मोजावेत का?

पहिलटकरणीला सातवा महिना लागला की घरातल्या चर्चा ठरलेल्या असतात. डोहाळजेवण कुठे करायचं, बाळंतपण नांदेड-लातूरला माहेरी की इथे हैदराबादलाच, आणि सिझेरियन झालंच तर विम्यात किती बसेल. गेल्या काही वर्षांत त्यात एक नवा प्रश्न आला आहे: डूला लावायची का? सून किंवा मुलगी मैत्रिणीचा अनुभव सांगते, नवरा विचारतो ‘किती घेतात?’, आणि सासूबाई सरळ म्हणतात, ‘‘अगं, मी आहे ना? तुझी आई येणार आहे. परक्या बाईला पैसे कशाला द्यायचे?’’

सासूबाईंचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. किंबहुना डूलाबद्दल जे काही संशोधन झालंय, त्याचा मोठा भाग याच प्रश्नाभोवती फिरतो: सोबत कुणाची, आणि त्या सोबतीनं नक्की काय बदलतं?

आधी डूला म्हणजे कोण, ते बघू. शब्द ग्रीक आहे, अर्थ ‘सेवा करणारी स्त्री’. डेना राफाएल या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९७३ साली स्तनपानावरच्या आपल्या पुस्तकात तो वापरला आणि तिथून तो रूढ झाला. आजची डूला बाळंतपणाच्या आधी दोन-चारदा भेटते, कळा सुरू झाल्यापासून बाळ होईपर्यंत सोबत राहते आणि नंतर एखाद-दोनदा घरी येऊन जाते. कंबर दाबून देणं, गरम पाण्याची पिशवी लावणं, श्वास कसा घ्यायचा ते सोबत घेऊन दाखवणं, उभं राहायला, वाकायला, कुशीवर वळायला मदत करणं, पाणी पाजणं, ‘आता काय चाललंय’ ते समजावून सांगणं, ही तिची कामं. ती आतून तपासत नाही, बाळाचे ठोके ऐकत नाही, औषध देत नाही आणि बाळंतपण करत नाही. म्हणजे ती सुईण नव्हे, आपल्या तेलुगू शेजाऱ्यांची मंत्रसानीही नव्हे, आणि नर्स तर नव्हेच. हा फरक नीट लक्षात ठेवायला हवा, कारण काही ठिकाणी तो मुद्दाम पुसट केला जातो. त्याबद्दल पुढे.

कल्पना पाश्चात्त्य वाटते, पण तशी ती नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानात सूतिकागाराचं वर्णन आहे. तिथे बाळंतिणीभोवती कशा स्त्रिया असाव्यात तेही सांगितलंय: स्वतः अनेकदा बाळंत झालेल्या, मायाळू, प्रसंग ओळखून वागणाऱ्या, कष्ट सोसणाऱ्या, बाळंतिणीला आवडणाऱ्या आणि स्वतः खिन्न नसणाऱ्या. शेवटची अट मला फार मार्मिक वाटते. कळांच्या वेळी रडवेली होऊन कोपऱ्यात बसणारी आई, कितीही जीव लावणारी असली, तरी या यादीत बसत नाही.

घरातलं बाळंतपण दवाखान्यात गेलं आणि या बायका दाराबाहेर राहिल्या. दवाखान्यात गेल्यानं आया आणि बाळं वाचली, यात शंका नाही, आणि कुणी ‘पूर्वीचंच बरं होतं’ म्हणू लागलं तर त्यांनी आपल्याच घराण्यातल्या पणज्यांची किती मुलं दगावली ते मोजून पाहावं. पण रक्तस्राव थांबवणारी औषधं आत आली म्हणून मायेचं माणूस बाहेर काढायलाच हवं होतं असं नाही. ते बाहेर गेलं ते जागेच्या, गर्दीच्या आणि शिस्तीच्या सोयीसाठी.

त्या माणसाला परत आत घेतलं तर काय होतं, हे पहिल्यांदा नीट मोजलं ते मार्शल क्लाउस आणि जॉन केनेल या दोन बालरोगतज्ज्ञांनी. ग्वाटेमालातल्या अभ्यासानंतर केनेल यांनी ह्यूस्टनच्या एका सरकारी इस्पितळात सहाशेहून जास्त पहिलटकरणींवर अभ्यास केला. तो १९९१ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला डूला दिली. एका गटाला नेहमीसारखं ठेवलं. तिसरा गट मजेशीर होता: त्यांच्या खोलीत एक बाई फक्त नोंदी करत बसलेली असे, बोलत नसे, हात लावत नसे. सिझेरियनचं प्रमाण नेहमीच्या गटात १८ टक्के, डूलाच्या गटात ८ टक्के, आणि गप्प बसलेल्या बाईच्या गटात १३ टक्के! कुणीतरी आहे, सोडून जात नाही, एवढ्यानंही फरक पडला. (त्या बाईचं नुसतं असणं तिथल्या डॉक्टर-नर्सनाही जाणवत असणार, असा माझा आपला अंदाज.)

पुढे असे बरेच अभ्यास झाले. कॉक्रेन या संस्थेनं २०१७ साली त्यांचा एकत्रित आढावा घेतला: १७ देशांतले २६ अभ्यास, १५ हजारांहून जास्त स्त्रिया. सतत सोबत मिळालेल्या स्त्रियांमध्ये सिझेरियन साधारण पाव हिश्श्यानं कमी, म्हणजे शंभरात वीस होत असतील तर पंधरा. कळांचा काळ सरासरी चाळीस मिनिटांनी कमी. वेदनाशामक औषधांची गरज थोडी कमी. आणि ‘माझं बाळंतपण वाईट गेलं’ असं म्हणणाऱ्यांचं प्रमाण बरंच कमी. बाळाला किंवा आईला सोबतीमुळे अपाय झाल्याचं दिसलं नाही. अभ्यास एकमेकांपासून खूप वेगळे असल्यानं लेखकांनी आकड्यांबद्दल हात राखूनच लिहिलंय, पण दिशा स्पष्ट आहे.

यामागचं कारणही गूढ नाही. कळा येतात त्या ऑक्सिटोसिन या संप्रेरकानं. भीती वाटली, अनोळखी माणसं ये-जा करू लागली की अ‍ॅड्रेनलिन वाढतं आणि कळा मंदावू शकतात. कळा मंदावल्या की सलाइनमधून औषध, औषधानं कळा अचानक तीव्र, मग दुखणं सहन होईना, मग एपिड्युरल, मग आडवं पडून राहणं. यातली प्रत्येक गोष्ट गरजेच्या वेळी वरदान आहे. गरज नसताना सुरू झालेली ही साखळी मात्र कुठेतरी ऑपरेशन थिएटरपाशी थांबते.

हे सगळं वाचून ‘मग लावूच डूला’ म्हणाल, तर जरा थांबा. आपण राहतो तेलंगणात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशभरात सिझेरियनचं प्रमाण २१.५ टक्के होतं. महाराष्ट्रात २५.४, गोव्यात ३९.५, मध्य प्रदेशात १२.१. तेलंगणात ६०.७. आणि आपण ज्या खासगी दवाखान्यांत जातो, तिथे ८१.५ टक्के. पाचातली चार बाळं! जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ सालीच म्हटलंय की एखाद्या लोकसंख्येत हे प्रमाण दहा टक्क्यांच्या वर गेल्यानं आया-बाळांचे मृत्यू आणखी कमी होताना दिसत नाहीत. आपल्याकडे मुहूर्त काढून केलेली सिझेरियन आहेत, ‘कळा नकोतच’ म्हणणाऱ्या मुली आहेत, एकट्या डॉक्टरच्या नर्सिंग होमला रात्रभर वाट बघणं न परवडणं आहे. सगळं खापर डॉक्टरांवर फोडण्यात अर्थ नाही. पण ज्या दवाखान्यात दहातली आठ बाळंतपणं सिझेरियननं होतात, तिथे डूलानं कंबर कितीही प्रेमानं चोळली तरी निर्णय तिच्या हातात नसतो.

याचा पुरावाही आहे. २००२ साली उत्तर अमेरिकेतल्या १३ इस्पितळांमध्ये जवळपास सात हजार स्त्रियांवर एक मोठा अभ्यास झाला. तिथे सतत सोबत दिली ती प्रशिक्षित नर्सनी, म्हणजे इस्पितळाच्याच माणसांनी. सिझेरियनच्या प्रमाणात काहीही फरक पडला नाही, दोन्ही गटांत साडेबारा टक्क्यांच्या आसपास. माणूस चांगलं होतं, शिकलेलं होतं, पण इस्पितळाची पद्धत तीच राहिली.

म्हणून माझं मत असं: डूला शोधण्याआधी दवाखाना शोधा. पाचव्या-सहाव्या महिन्यात, बदलायला वेळ असताना. डॉक्टरांना सरळ विचारा की पहिलटकरणींपैकी किती जणींचं सिझेरियन होतं. आकडा सांगणारा डॉक्टर भेटला, मग तो आकडा फार सुखावणारा नसला तरी, ते चांगलं लक्षण आहे. ‘ते सगळं आमच्यावर सोडा’ हे उत्तर मिळालं तर तेही उत्तरच आहे. कळा येताना चालू-फिरू देतात का? सोबतीला कोण आत येऊ शकतं, आणि किती वेळ? रात्री ड्यूटीवर कोण असतं?

या बाबतीत हैदराबादकरांचं एक भाग्य आहे. फर्नांडिस हॉस्पिटलनं २०११ पासून इथे मिडवाइफ घडवायला सुरुवात केली आणि पुढे राज्य सरकारनंही नर्सना हे प्रशिक्षण देण्याचं काम त्यांच्या मदतीनं हाती घेतलं. केंद्र सरकारनं २०१८ साली अठरा महिन्यांच्या मिडवाइफ प्रशिक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं काढली. प्रशिक्षित मिडवाइफ तपासणीही करते, बाळंतपणही करते आणि सोबतही देते. जिथे अशी मिडवाइफ कळांच्या वेळी खरोखर तुमच्या वाट्याला येणार असेल, तिथे वेगळ्या डूलाची गरज बरीच कमी होते.

आता सासूबाईंच्या प्रश्नाकडे. घरचं माणूस चालेल का? चालेल, पण ‘आहे ना’ एवढ्यावर नाही. अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये एक अभ्यास झाला, २००६ साली प्रसिद्ध झाला. सुमारे सहाशे पहिलटकरणी. त्यातल्या निम्म्या जणींना सांगितलं, तुमच्या पसंतीची एखादी बाई निवडा. बहीण, मैत्रीण, आई, कुणीही. त्या बाईला दोन-दोन तासांचे दोन वर्ग दिले. बस्स. चार तासांचं शिक्षण. या गटातल्या स्त्रियांच्या कळांचा काळ कमी झाला, बाळांची जन्मानंतरची स्थितीही जास्त चांगली होती. सिझेरियनमध्ये मात्र फरक पडला नाही. म्हणजे कळा सुसह्य करण्याचं, धीर देण्याचं काम घरातली बाई शिकून घेऊ शकते.

कोणती बाई, हे मात्र बाळंतिणीनं ठरवावं. इथे आपल्याकडे मानापमान आड येतात. आईला वाटतं माझा हक्क, सासूबाईंना वाटतं माझं नातवंड. पण पुष्कळदा या कामाला सगळ्यात योग्य असते ती मावशी, आत्या किंवा मोठी वहिनी: जिला स्वतःच्या बाळंतपणाची आठवण आहे, जिच्यासमोर लाज वाटत नाही, आणि जी लेकीच्या ओरडण्यानं हबकून जात नाही. आई बाहेर बसून देवाचं नाव घेईल, त्याचाही आधार असतो.

आणि नवरा? त्याला जरूर आत घ्या. पण त्याच्याकडून सगळ्याची अपेक्षा ठेवू नका. त्यानं बाळंतपण पाहिलेलं नसतं, बायकोला दुखतंय आणि आपल्याला काही करता येत नाही या विचारानंच तो अर्धा झालेला असतो. अनुभवी बाई आणि नवरा अशी जोडी सगळ्यात छान जमते. सरकारी दवाखान्यांसाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं २०१६ सालीच सूचना काढली आहे की कळांच्या वेळी बाळंतिणीसोबत अनुभवी स्त्री राहू द्यावी, आणि खोलीत आडोसा असेल तर नवऱ्यालाही. २०१७ च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमातही सोबतीणीचा मुद्दा आहे. जागतिक आरोग्य संघटना २०१८ पासून हेच सांगते: स्त्रीच्या पसंतीची सोबत. खासगी दवाखान्यात ‘आमच्याकडे कुणाला आत सोडत नाही’ म्हणाले तर एवढं माहीत असलेलं बरं.

मग पैसे देऊन डूला कुणी लावावी? माझ्या मते काही घरांत ती खरंच लाखमोलाची ठरते. गच्चीबावली-कोंडापूरला दोघंच राहणारी जोडपी, ज्यांची आई गेलेली आहे किंवा गुडघ्यांमुळे रात्रभर उभी राहू शकत नाही. पहिलं बाळंतपण फार वाईट अनुभव देऊन गेलं आणि आता दिवस राहिल्यापासून मनात धडकी आहे अशी बाई. पहिलं सिझेरियन झालं आणि दुसऱ्या वेळी, डॉक्टरांच्या संमतीनं, नॉर्मलचा प्रयत्न करायचा आहे अशी बाई. आणि एक आपल्या गावची खास अडचण: लेबर रूममधल्या नर्स तेलुगूत बोलतात, आणि माहेरहून आलेल्या आईला ‘नोप्पुलु’ म्हणजे कळा हेही कळत नाही. काचीगुड्यात वाढलेल्या मुलीला तेलुगू येतं, नुकत्याच परभणीहून लग्न होऊन आलेलीला नाही. ऐन कळांत दुभाषी शोधत बसण्यापेक्षा दोन्ही भाषा येणारी बाई जवळ असलेली बरी.

ठरलेलं सिझेरियन असेल, तर कळांच्या सोबतीसाठी पैसे देण्यात अर्थ नाही. त्याऐवजी बाळाला अंगावर पाजण्यासाठी मदत करणारी जाणकार बाई पहिल्या आठवड्यात घरी बोलवा.

आता पारखायचं कसं. भारतात डूला म्हणून काम करायला सरकारी नोंदणी लागत नाही. काही दिवसांचा वर्ग करून कुणीही पाटी लावू शकतं, आणि भिंतीवरच्या प्रमाणपत्रावरून फारसं काही कळत नाही. त्यापेक्षा विचारा: किती बाळंतपणांना हजर होतात? तुमच्या दवाखान्यात आधी गेल्या आहेत का, आणि तिथे त्यांना आत घेतात का? त्याच रात्री दुसरीकडे बोलावणं आलं तर तुमच्याकडे कोण येईल? अर्ध्यातच सिझेरियन ठरलं तर त्या काय करतील? या शेवटच्या प्रश्नाला चांगल्या डूला शांतपणे उत्तर देतात: थिएटरबाहेर थांबेन, बाळ आणल्यावर पाजायला मदत करेन. ज्या तोंड वाकडं करतात, त्यांना तुमच्यापेक्षा त्यांचा ‘नॉर्मल’चा हिशेब प्यारा आहे असं समजा. ‘नॉर्मलची गॅरंटी’ देणारी, डॉक्टरांविरुद्ध कान भरणारी, सोनोग्राफी नको म्हणणारी, किंवा ‘घरीच करू, मी आहे’ म्हणणारी बाई दिसली की नमस्कार करून निघावं. डॉक्टर-मिडवाइफविना घरी बाळंतपण हा डूलाचा प्रांतच नाही, आणि रक्तस्राव सुरू झाला तर दवाखान्यापर्यंतच्या वाटेत घालवायला वेळ नसतो.

पैशांचं म्हणाल तर भेटी, अनुभव आणि शहर यांवर ते बदलतात. वीस-पंचवीस हजारांपासून पन्नास-साठ हजारांपर्यंतचे आकडे कानावर येतात. विम्यात हा खर्च मिळेल असं धरून चालू नका. सगळं पॅकेज नको असेल तर दोन-तीन भेटींपुरती ठरवता येते का विचारा, आणि त्या भेटींना मावशीलाही बसवा. कंबर नक्की कुठे आणि किती जोरानं दाबायची, हे एकदा हात धरून शिकलं की पुढचं मावशी करते. मला विचाराल तर मधल्या घरांसाठी हाच सगळ्यात शहाणा खर्च आहे.

मावशीला शिकवायच्या गोष्टींत पहिली ही की लगेच दवाखान्यात धावायचं नाही. कळांचा खरा जोर धरतो तो गर्भाशयाचं तोंड साधारण पाच सेंटीमीटर उघडल्यावर. त्याआधीचा काळ पहिलटकरणीत कितीही लांबू शकतो. तो घरी, खाऊन-पिऊन, चालत, झोपत काढलेला चांगला. कधी निघायचं ते डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. मात्र सदतीस आठवड्यांच्या आत कळा आल्या, रक्त गेलं, पाणमोट फुटली, पाणी हिरवट-तपकिरी दिसलं, बाळाची हालचाल कमी वाटली, डोकं फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर एक मिनिटही न थांबता निघायचं. दुसरी गोष्ट, कळ चालू असताना बोलायचं नाही, प्रश्न विचारायचे नाहीत. तिसरी, ‘आमच्या वेळी’ने सुरू होणारं एकही वाक्य आत न्यायचं नाही. ही तिसरी शिकवायला जास्त वेळ लागतो.

आणि मावशी नांदेडहून येणार असेल तर तारखेचं तिकीट काढू नका. डॉक्टरांनी दिलेल्या नेमक्या दिवशी फार थोडी बाळं येतात. सदतिसावा आठवडा संपला की तिला बोलावून घ्या, परतीचं तिकीट बारशानंतरचं काढा, आणि डिंकाचे लाडू तिच्यासोबतच मागवा. रात्री दोन वाजता फाइल, आधार कार्ड आणि गाडीची किल्ली कुठे आहे हे तिलाही माहीत असू द्या.